गाठ न सोडलेली पिशवी

पिशवी फाटली, तिथून हे सगळं. नाहीतर हेमंत गुरुजीचा तो दिवस चांगला जायचा होता. सकाळीच देवराम सर पाच पोरं घेऊन खाली खोडाळ्याला गेलेले, केंद्राच्या धावण्याच्या स्पर्धा होत्या. गाडी हेमंतची, जुनी पांढरी व्हॅन, आणि पोरं मावावीत म्हणून हेमंतनेच मागच्या सीटखालची अडगळ काढून वर्गाच्या कोपऱ्यात टाकलेली, एक जॅक, एक गोणपाट आणि एक काळी प्लास्टिकची पिशवी, वर घट्ट गाठ मारलेली. गाडी वळणाआड गेली, पोरांचा कल्ला विरला, उरलेल्या अकरा जणांना पाढे लिहायला लावून हा वळतो तर पाय लागला पिशवीला. आतल्या लोखंडाने तिचा खालचा कोपरा आधीच कापलेला असणार. टण्णकन एक ब्रेकचा पॅड फरशीवर पडला, पंजाएवढा, एका अंगाने घासून पार पत्र्याला टेकलेला. मागून दुसरा. पोरं हसली. हेमंत पण हसला, वाकला, उचलला, आणि उलटा करून बघितला तर पाठीवर हिरवा ठिपका. ऑइल पेंटचा, काडीने लावलेला. दुसऱ्यावर पण तसाच, त्याच जागी. आता जुन्या पॅडवर हिरवा ठिपका असला म्हणून बिघडलं काय? बिघडलं एवढंच, की हेमंतने लावलेला ठिपका लाल होता.

लाल म्हणजे प्रतिभाची नेलपॉलिश. महिना झाला त्याला. तेव्हा गाडी उताराला कर्र करून ओरडायला लागली होती आणि हेमंतने मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता, गॅरेजवाला पार्ट खरंच बदलतो का ते कसं ओळखायचं. जुन्या पार्टवर गुपचूप खूण करायची, काम झाल्यावर जुना पार्ट परत मागायचा, खूण दिसली तर बदलला. इतकं सोपं. मोखाड्याला घराच्या दारात पंक्चर काढायला चाक खोललं तेव्हा हा आत जाऊन बाटली घेऊन आला, तर बायको मागोमाग उंबऱ्यात. "अहो, माझी नेलपॉलिश घेऊन कुठे? गाडीला नटवताय का?" "काही नाही गं, गंज लागू नये म्हणून." असं खोटं बायकोला पण सांगितलं, कारण खरं सांगायची लाज वाटली. कोणावर संशय, तर गौतमवर. गौतमवर! त्या आतल्या फटीत ब्रश घालून चारी पॅडवर एकेक थेंब टेकवताना, एका बाजूचं झालं की दुसऱ्या बाजूचं चाक काढून, त्याला सारखं वाटत होतं की मागे कोणीतरी उभं आहे. मान वळवून वळवून त्याने बघितलं. कोणी नव्हतं. एक कोंबडी होती.

गौतमचं गॅरेज जव्हारला, नाक्यापासून थोडं आत. हे दोघं आश्रमशाळेत पहिलीपासून दहावीपर्यंत एका चटईवर झोपलेले. हेमंत गुरुजी झाला, गौतम नाशिकला जाऊन गाड्या शिकून आला. खुणा करून काही दिवसांनी गाडी गौतमकडे टाकली, ती संध्याकाळी मिळाली. गौतम हात पुसत आला, "घ्या मास्तर, पॅड नवे, ऑइल नवं, सगळं टकाटक," आणि ती पिशवी पुढे केली. इकडच्या गॅरेजची ही रीतच आहे, जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, मग काम झालं असं धरायचं. "बघून घे रे हेम्या," गौतम म्हणाला. पिशवीला गाठ होती, ओढून मारलेली, आणि बघून घे म्हणताना गौतमने तिला हात लावला नाही, सोडून दाखवली नाही, नुसता बघत राहिला. हेमंतने पिशवी घेतली. चांगली जड होती. "तुझं काय बघायचं," तो म्हणाला आणि टाकली सीटखाली. चहा आला. चहा पिताना दोघं खूप बोलले, एवढे कधी बोलत नाहीत तेवढे. येताना मोरचोंडीच्या उतारावर गाडीने कर्र केलं नाही. आवाज गेला म्हणजे काम झालं. पायाखाली ब्रेक जरा जास्तच खाली जातोय असं वाटलं, दोनदा दाबला की लागायचा. नवीन आहे, बसेल हळूहळू, असं हा स्वतःलाच गाडीत मोठ्याने म्हणाला. अकरा दिवस पिशवी सीटखाली होती. रोज वळणावर ती डावीकडून उजवीकडे सरकायची, खळ्ळ करायची, आणि रोज हा रेडिओ मोठा करायचा.

तो हातातला हिरवा ठिपका नखाने खरवडत होता आणि खरवडता खरवडता त्याला ते आश्रमशाळेतलं नख आठवलं. ते विसरलेलं नव्हतंच म्हणा. उन्हाळ्यात तिकडे पाणी नसायचं, विहिरीच्या तळाला चिखल, आणि अधीक्षक सर अंघोळीची तपासणी करायचे. म्हणजे पोरांनी रांगेत हात पुढे करायचा आणि हातावर नखाने ओढायचं. कोरड्या कातडीवर पांढरी रेघ उठते, अंघोळ केलेल्यावर उठत नाही. रेघ उठली की छडी. सरांना कंटाळा यायला लागला तसं त्यांनी हे काम हेमंतला दिलं, हुशार, खरं बोलणारा मुलगा म्हणून. गौतम अंघोळ करायचाच नाही. तो स्वयंपाकघरातून बोटभर तेल आणायचा आणि डाव्या हातावर मनगटाच्या वर चार बोटं तेवढीच जागा चोळायचा. आणि हेमंत रोज बरोबर तिथेच नख ओढायचा. रेघ नाही. "बरोबर, सर." पुढचा. ठरवून नाही हं, एका शब्दाने ते दोघं कधी बोलले नाहीत यावर. गौतम फक्त बघत राहायचा, नख कुठे टेकतंय ते. त्या उन्हाळ्यात गौतमला खरूज झाली, बोटांच्या बेचक्यातून पाणी यायचं, रात्रभर खाजवायचा आणि चटई हलायची. हेमंत डोळे मिटून पडायचा. वहीत नाव बरोबरच्याच यादीत होतं.

"गुरुजी, तेराचं झालं. चौदाचं लिवू?" जिव्या विचारत होता. लिही म्हणाला. बाहेर आला. शाळेमागे मोठा कातळ आहे, तिथे उभं राहिलं की फोनला रेंज येते, ती पण खोडाळ्याकडे तोंड केलं तर. हा चढला, पॅड हातातच. देवरामला लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. परत लावला. बाहेर. खालची झाडी जानेवारीची, अर्धी पिवळी, त्यात रस्ता कुठेकुठे तुकड्या-तुकड्याने दिसत होता आणि एकाही तुकड्यावर पांढरं काही हलत नव्हतं. तो मनाशी हिशेब घालत बसला. लाल थेंब गरम होऊन जळून गेला असेल. जाऊ शकतो, पॅड तापतो, भाजतो. पण हिरवा कसा उगवला? हिरवा उगवला म्हणजे कोणीतरी दुसरा होता, आपल्यासारखाच, हातात काडी घेऊन मागे बघत बघत ठिपका लावणारा, आणि त्याला पण कोणाचे तरी तिसऱ्याचे पॅड मिळाले असतील, त्याने पण गाठ सोडली नसेल. की सोडली असेल? सोडून गौतमच्या तोंडावर फेकले असतील? काही असो, ते हिरवे पिशवीत भरून आपल्याला देताना गौतमने एकदा उलटे करून तरी बघायचं होतं. त्याने नाही बघितलं. त्याला माहीत होतं समोरचा हेम्या आहे म्हणून. नख कुठे टेकणार ते माहीत होतं.

आणि आपले लाल? ते गाडीत आहेत. आत्ता, या क्षणाला, त्या पाच पोरांच्या खाली, त्या उतारावर, पत्र्यापर्यंत आलेले, आवाज येऊ नये म्हणून पॉलिश पेपर मारून ठेवलेले. देवराम उतार न्यूट्रलमध्ये सोडतो, पेट्रोल वाचतं म्हणून, त्याला शंभर वेळा सांगून झालं. पुढच्या सीटवर फागी असणार. फागी सगळ्यांच्या आधी गाडीत घुसते. चौथीतली, पळायला लागली की शेळ्या पण थांबून बघतात अशी पोर. तिची आई रुपी धाकट्याला घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेली, बापाला मात्र हेमंतनेच थांबवला होता. दिवाळीनंतर त्यांच्या पाड्यावर जाऊन अंगणात तास-दीडतास बसून, "सोम्यादादा, पोरीला भट्टीवर नको नेऊ. एक वरीस माझ्या हवाली कर. तालुक्याला जाईल ती." सोम्या म्हणाला होता, "तुमी म्हनतां त खरा, गुरुजी." आणि तो राहिला, एकटा, नागलीच्या कण्या रांधून पोरीला शाळेत धाडायला. हेमंतला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. त्याच आठवड्यात पोरांची वजनं-उंच्या भरायच्या होत्या, शेवटची तारीख, शाळेचा काटा बिघडलेला. याने बसल्या जागी मागच्या वर्षीच्या, तशाच भरलेल्या आकड्यात दोन दोन किलो घातले आणि काहींना अर्धा किलो वर लावला. अर्धा लावला की मोजल्यासारखं दिसतं. फागी साडेएकवीस. असं बसल्या बसल्या त्याने किती काय पूर्ण केलं होतं. टाकी धुतली, सही. जंताच्या गोळ्या समोर खाऊ घातल्या, सही. कातळावर वारा होता आणि त्याला घाम आला होता. वाईट वाटत होतं असं पण नाही, एक चमत्कारिक आशा वाटत होती, की देवराम पोचला असेल, पोरं पळत असतील, आणि संध्याकाळी चढावर ब्रेक कुठे लागतात? चढून येऊ दे. मग उद्या बघू. मग हळूच दुसऱ्या कुठल्या गॅरेजला टाकू, गौतमला पण कळणार नाही.

फोन देवरामचाच आला. "सर? हेमंत सर? ऐकू येतंय? अहो ब्रेकच लागेना! खालून तिसरं वळण, पाय दाबतोय, नुसता खाली! मी डोंगराच्या अंगाला घातली सर, नाहीतर दरीतच होतो आपण. गटारात पडलीय आडवी. पोरं बरी आहेत, खरचटलंय, फक्त फागी... फागीची मांडी. हाड मोडलंय सर. बेशुद्ध नाही, पण बोलत नाही. जीपवाल्याने खोडाळ्याला आणली, आता अॅम्ब्युलन्सने जव्हारला चाललोय. तिच्या बापाला घेऊन या." मध्ये खरखर. मग एकदम स्वच्छ, कानाशी बोलल्यासारखा देवरामचा आवाज, "सर, पण तुम्ही आत्ताच तर ब्रेकचं काम केलं होतं ना?" हेमंतच्या हातात पॅड होता. तो म्हणाला, "केलं होतं ना. माझ्यासमोर. उभं राहून करून घेतलं." कसं आलं तोंडातून? विचार पण केला नव्हता. 'बरोबर, सर' जसं यायचं, तसंच.

मग पळापळ. पोरं स्वयंपाकीण सुकरीबाईवर सोपवली, ओळखीच्याची मोटरसायकल घेतली, पाड्यावर जाऊन सोम्याला गाठला. तो कुंपणाला काट्या लावत होता. ऐकलं, कोयता खाली ठेवला, सदरा खांद्यावर टाकला आणि मागे बसला. काळी पिशवी हेमंतने का घेतली ते त्याचं त्यालाच कळलं नाही. शाळेत राहिली तर कोणाच्या हाती लागेल म्हणून घेतली असेल. रस्त्यात टाकून देता येईल म्हणून घेतली असेल. फाटका कोपरा वर दुमडून हँडलला अडकवली. वाटेत ती जागा आली. पांढरी व्हॅन गटारात कुशीवर, दार उघडं, एक लहानशी चप्पल रस्त्यावर. सोम्याने गाडी थांबवायला सांगितली, उतरला, चप्पल उचलली, सदऱ्याने पुसली, परत बसला. मोखाडा मागे पडल्यावर फोन वाजला. गौतम. "हेम्या, देवरामचा फोन आलेला, गाडी ओढून न्यायला. मी टेम्पो घेऊन पोचतोच तिथं, माणसं हायेत. ऐक ना." मग आवाज खाली गेला. "तिथं कोनी येयच्या आधी आनतो. आनायच्या आधी जागीच सगळा करून ठेवतो. नवा. कोनाला काय कळायचा नाय. तुला पन त्रास नको, मला पन नको. पोरगी बरी होल. आनू ना?" सोम्याचा श्वास मानेवर लागत होता. त्याला ऐकू जात होतं की नाही कोण जाणे. त्या एका घटकेत हेमंतला वाटलं, गौतमने हात पुढे केलाय, डावा, मनगटाच्या वर चार बोटं चकचकतायत. "आण," तो म्हणाला. आणि फोन ठेवल्यावर काय झालं माहितीय? त्याला हलकं वाटलं. दोन किलोमीटर हलकं वाटलं.

सरकारी दवाखान्यात फागी एका खाटेवर होती, मांडीला दोन फळ्या बांधलेल्या, चेहरा मातीच्या रंगाचा. देवराम कपाळाला पट्टी लावून बाहेर बाकी पोरांच्या आयाबापांना फोन लावत बसलेला. सोम्याने चप्पल खाटेखाली नीट ठेवली, जोडीने ठेवायला दुसरी शोधली, नव्हती. फागीने बापाकडे बघितलं, मग गुरुजीकडे, आणि पहिल्यांदाच बोलली, "गुरुजी, माझा पळायचा ऱ्हायला." हेमंतने मान हलवली. सिस्टर घाईत होती, हातात कागद, "दुखायचं इंजेक्शन द्यायचंय, भूल पण लागेल. वजन किती पोरीचं? कोणाला माहीत आहे?" सोम्याने गुरुजीकडे बघितलं. असं काही विचारलं की तो गुरुजीकडेच बघायचा. आणि हेमंत म्हणाला, "साडेएकवीस." इतक्या खात्रीने म्हणाला, की सिस्टरने लिहिलं पण. लिहिलं, कुपी फोडली, सुई आत घातली आणि नळीवरच्या रेघा बघत औषध ओढायला लागली. पारदर्शक पाणी रेघेरेघेने वर चढत होतं. तो आकडा चढत होता, त्याचा, बसल्या जागी लिहिलेला, अर्धा वर लावलेला, आणि थोड्या वेळात तो पोरीच्या अंगात जाणार होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचा लिहिलेला आकडा डोळ्यांसमोर असा कुठेतरी जाताना दिसला.

"सिस्टर, थांबा."

"काय?"

"मी वजन केलेलं नाही."

"म्हणजे? आत्ता तर सांगितलंत."

"लिहिलंय. केलेलं नाही."

सिस्टरने त्याच्याकडे असं बघितलं, की त्यात राग पण नव्हता, नुसती घाई होती. सुई ट्रेमध्ये ठेवली आणि सोम्याला म्हणाली, "दादा, पोरीला उचला हळूच, फळ्यांसकट, मी काट्यापर्यंत पाय धरते. काट्यावर उभे राहा. मग एकटे उभे राहा. तसंच करावं लागेल." सोम्याने उचलली. फागी किंचाळली, मग बापाच्या सदऱ्यात तोंड घालून गप्प झाली. काटा साठावर थांबला. मग तिला ठेवून एकटा उभा राहिला, अनवाणी. त्रेचाळीस. "फळ्यांचं एक धरा," सिस्टर म्हणाली, "सर, करा वजाबाकी." हेमंतला वजाबाकी येईना. खरंच येईना, तेराचे पाढे, चौदाचे पाढे, काहीच आठवेना. सिस्टरनेच केली. "सोळा. अहो, सोळा आणि साडेएकवीस?" तिने आधीचं खोडलं, सुईतलं थोडं औषध बाहेर सोडलं. ते थेंब फरशीवर पडले. सोम्या अजून काट्यावर उभा होता. त्याला वजाबाकी कळली नसेल, पण बाकी कळलं होतं. तो खाली उतरला, दोन पावलं आला, आणि अगदी हळू, पोरीला ऐकू जाऊ नये असं, म्हणाला, "गुरुजी, मंग गाडीचा? गाडी तरी बघितलेली का तुमी?"

व्हरांड्यात बाक होता. हेमंतने पिशवी त्यावर ठेवली. फाटक्या कोपऱ्यातून काढता आले असते, पण तो गाठच सोडायला बसला. गाठ गौतमच्या हातची, ओढून मारलेली, वर अकरा दिवसांची धूळ. नखं लागेनात, दाताने धरली, तोंडात ग्रीसची चव आली. सुटली. चार पॅड बाकावर मांडले, उलटे, चार हिरवे ठिपके. "हे दुसऱ्या कोणाच्या गाडीचे आहेत, सोम्यादादा," तो म्हणाला, "आपल्या गाडीचे गाडीतच राहिले. बदललेच नाहीत." सोम्याने एक उचलला, ठिपक्यावर अंगठा फिरवला, घासलेल्या अंगावर फिरवला, दोन्ही बाजू नीट बघितल्या. कोणीतरी पहिल्यांदा तो पॅड नीट बघत होतं. "तुमाला कवा कळला?" त्याने विचारलं.

आज सकाळी. हे उत्तर तयार होतं, आणि खरं होतं. कोणीही नख ओढून बघितलं असतं तरी रेघ उठली नसती. हेमंतने तोंड उघडलं, आणि म्हणाला, "अकरा दिवस झाले."

आत फागी कण्हायची थांबली, औषध लागलं असावं. मग सोम्या पॅड हातातच ठेवून म्हणाला, "गाडी दाखवा मला. कुठं हाय आता गाडी?" तेवढ्यात हेमंतच्या खिशात फोन थरथरला. गौतमचा निरोप होता, एक फोटो आणि खाली दोन शब्द. काम झालं. फोटोत चाक काढलेलं, आणि आत पॅड, नवे कोरे. सोम्याला वाचता येत नव्हतं. त्याने फोन हातात घेतला, फोटो बघितला, मग दुसऱ्या हातातला पॅड बघितला, परत फोटो बघितला. आणि दोन्ही हेमंतपुढे धरून उभा राहिला, आता गुरुजी यातलं कुठलं खरं म्हणून लिहितात ते बघत.